इलॅस्टिकसर्च: लो-लेव्हल क्लायंट घ्यावा की हाय-लेव्हल? (पायथन, सोबत थोडं जावा)

घोडबंदरी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांसाठी दुरुस्ती-देखभाल करणाऱ्यांची सूची बनते आहे. प्लंबर, लिफ्टवाले, वॉटरप्रूफिंग, पंप रिवाइंडिंग वगैरे. साधारण तीन लाख नोंदी, सरासरी दीड केबीची एक. फील्ड्स: नाव, कामाचा प्रकार, परिसर, पिनकोड, वर्णन (मराठी-इंग्रजी खिचडी), रेटिंग. बॅकएंड फास्टएपीआयवर, शोध इलॅस्टिकसर्च या सर्च सर्व्हरवर. शिवाय जावात लिहिलेली एक जुनी सर्व्हिस तोच इंडेक्स (नोंदींचा साठा) वाचते-लिहिते, ती हाय लेव्हल रेस्ट क्लायंटवर (सर्व्हरशी बोलणारी जुनी जावा लायब्ररी) आहे. सर्व्हर सध्या ७.१७, तो ८ वर न्यायचाय.

पायथनमध्ये काय वापरावं यावर टीममध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, अधिकृत लो-लेव्हल क्लायंट घ्या आणि क्वेरी सरळ डिक्शनरीत लिहा. दुसरा म्हणतो, डीएसएल ही हाय-लेव्हल लायब्ररी (क्वेरीचं जेसन स्वतः बांधून देणारी) घ्या, सर्च आणि डॉक्युमेंट हे क्लास वापरा. "आवडीचा प्रश्न आहे" हे उत्तर नको, प्रत्यक्षात कुठे काय मोडतं ते सांगा.

खाडीपलीकडे

डिक्शनरी.

लो-लेव्हल क्लायंट जे करतो ते तसंही स्वतः लिहायचं नसतं: कनेक्शन पूल, एक नोड पडला तर दुसऱ्याकडे जाणं, रिट्राय, जेसन बांधणं-सोडणं, चुकांना नीट एक्सेप्शन. प्रत्येक एपीआयला एक मेथड. क्वेरीचा मजकूर मात्र तुमचा. त्याचा फायदा रोज दिसतो. किबानाच्या (इलॅस्टिकच्या ब्राउझरमधल्या पडद्याच्या) डेव्ह टूल्समध्ये क्वेरी घासूनपुसून घेतली की तीच कोडमध्ये चिकटवता येते. स्लो लॉगमध्ये सापडलेली क्वेरी उलट दिशेने तशीच डेव्ह टूल्समध्ये टाकता येते. अधिकृत दस्तऐवजातलं प्रत्येक उदाहरण जेसनमध्येच असतं.

दुसरं कारण आयुष्य. डॉटनेटचं नेस्ट ७ वर थांबलं, ८ साठी वेगळीच लायब्ररी आली. गोमध्ये ऑलिव्हियरची इलॅस्टिक लायब्ररी सगळे वापरायचे, तिची देखभाल थांबली. जावाचा हाय लेव्हल रेस्ट क्लायंट ७.१५ मध्ये डेप्रिकेट झाला, तो तुमच्याच गळ्यात आहे. वरचे थर बदलत राहिले. २०१७ मध्ये लिहिलेली मॅच क्वेरी मात्र आजही जशीच्या तशी चालते.

मासुंदा

खाडीपलीकडे, आयुष्याचा मुद्दा पायथनला लावू नका. तिथे डीएसएल मेलेली नाही. ८.१८ पासून ती मुख्य क्लायंटच्या पॅकेजमध्येच घेतली आहे, इम्पोर्टचा रस्ता बदलला एवढंच. म्हणजे "कुठलं पॅकेज इन्स्टॉल करायचं" हा वादच आता उरलेला नाही. दोन्ही एकाच डब्यात येतात.

आता डिक्शनरीत खरोखर मोडणारी गोष्ट. "पंप" शोधलं, तर नाव किंवा वर्णन यांपैकी कुठेही जुळलं तरी चालेल, म्हणून बूलमध्ये (अनेक अटी जोडणारी क्वेरी) शुडखाली दोन मॅच टाकले. बरोबर चालतं. मग कोणीतरी परिसराचा फिल्टर जोडतो: त्याच बूलमध्ये फिल्टरखाली परिसर ऐरोली. झालं. बूलमध्ये नुसतं शुड असेल तर किमान एक जुळावंच लागतं. त्याच बूलमध्ये मस्ट (सक्तीची अट) किंवा फिल्टर आलं की मिनिमम-शुड-मॅचचा डिफॉल्ट १ वरून ० होतो आणि शुड ऐच्छिक बनतं. आता ऐरोलीतला प्रत्येक नोंदीदार निकालात येतो, रंगारी आणि सुतारसुद्धा.

वाईट म्हणजे हे लगेच दिसत नाही. पंपवाल्यांना शुडमुळे स्कोअर जास्त मिळतो, तेच पहिल्या पानावर येतात. डेमो नीट होतो. कोणीतरी "रेटिंगप्रमाणे लावा" दाबतो तेव्हा वर रंगारी येतो.

डीएसएलमध्ये दोन मॅच उभ्या रेघेने जोडून क्वेरीत दिल्या आणि वर फिल्टर लावला, तर लायब्ररी त्या बूलवर मिनिमम-शुड-मॅच १, म्हणजे किमान एक जुळावंच, अशी अट स्वतः घालते. अर्थ टिकतो. तुमच्या पानावर परिसर, प्रकार, रेटिंग, "रविवारी चालू" असे आठ-दहा फिल्टर जुळवाजुळव करत लागणार असतील, तर ही काळजी दुसऱ्याने घेतलेली बरी.

खाडीपलीकडे

चूक खरी आहे. उपाय लायब्ररीशिवायही होतो. एकच फंक्शन ठेवा, त्यात मस्ट आणि फिल्टर अशा दोन रिकाम्या याद्या. प्रत्येक अट आपापल्या यादीत जाते, बूल शेवटी एकदाच बांधला जातो. शुड वरच्या पातळीवर लिहायचंच नाही. "नाव किंवा वर्णन" साठी मल्टी-मॅच मस्टमध्ये टाका, नावाला हवं तर तिप्पट वजन द्या. चाळीस ओळींत होतं.

मासुंदा

आणि त्या चाळीस ओळी म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेली हाय-लेव्हल लायब्ररी. 🙂

सेक्टर_अकरा

मी डीएसएल नवीनच वापरतोय. एस या सर्चवर फॉर लूप चालवला तर १० च नोंदी येतात. आणि एस.फिल्टर(...) लिहूनही फिल्टर लागत नाही. काय चुकतंय?

मासुंदा

दोन वेगळी कारणं आहेत.

१० हा सर्व्हरचा डिफॉल्ट साइझ. लूप चालवला की लायब्ररी एकदा क्वेरी पाठवते आणि आलेलं पान देते. जास्त हवं तर स्लाइस द्या, एस[०:५०] सारखं, ते फ्रॉम आणि साइझमध्ये बदलतं. सगळ्याच नोंदी हव्या असतील तर स्कॅन मेथड, पण ती क्रम पाळत नाही, सॉर्ट विसरा. क्रमासह सगळं हवं तर नव्या आवृत्त्यांत इटरेट आहे, ती सर्च-आफ्टर वापरते. स्लाइस वाढवत १०,००० च्या पुढे गेलात तर "रिझल्ट विंडो इज टू लार्ज" अशी चूक येईल. ती मर्यादा इंडेक्सची आहे, कुठल्याही क्लायंटने सुटत नाही. सेटिंग वाढवू नका, प्रत्येक शार्डला (इंडेक्सच्या तुकड्याला) तितक्या नोंदी मेमरीत धराव्या लागतात.

फिल्टरचं: सर्च वस्तू बदलत नाही, प्रत्येक मेथड नवी प्रत परत देते. एस = एस.फिल्टर(...) असं परत नावाला बांधायलाच हवं.

आणि इथेच खाचखळगा आहे: एग्रीगेशनला (बकेट म्हणजे नोंदींचे गट, मेट्रिक म्हणजे गटावरचा आकडा) हा नियम लागू नाही. एस.एग्ज.बकेट(...) तीच वस्तू जागेवर बदलते. शिवाय बकेट परत देतो तो नवा आतला बकेट, मेट्रिक मात्र आपला पालक परत देतो. त्यामुळे साखळी करताना बकेट.मेट्रिक.मेट्रिक लिहिलं तर दोन्ही मेट्रिक एकाच बकेटखाली शेजारी-शेजारी बसतात, पण बकेट.बकेट लिहिलं तर दुसरा पहिल्याच्या पोटात जातो. मूळ सर्च एकदा बनवून मॉड्यूल पातळीवर ठेवला आणि प्रत्येक रिक्वेस्टमध्ये त्याच्यावर एग्ज जोडले, तर ते साचत जातात.

क्वेरी मेथड दोनदा बोलावली की दुसरी पहिलीला पुसत नाही, दोन्ही "आणि"ने जोडल्या जातात. पुसायचीच असेल तर एस.क्वेरी = नवी असं सरळ द्या.

शंका आली की टू_डिक्ट छापा. पाठवायचं जेसन तेच आहे.

खाडीपलीकडे

@सेक्टर_अकरा, वरचं सगळं पुन्हा वाचा. यातलं जवळजवळ काहीही सर्च इंजिनबद्दल नाही, लायब्ररीबद्दल आहे. ही किंमत हिशोबात धरा.

बाकी "हाय-लेव्हल म्हणजे चुका आधी पकडतो" हा समज काढून टाका. क्वेरीचं नाव चुकलं तर डीएसएल स्वतःच एक्सेप्शन देते, डिक्शनरीत सर्व्हर ४०० देतो, एवढाच फरक. फील्डचं नाव चुकलं, परिसरऐवजी परीसर लिहिलं, तर दोन्हीकडे शून्य निकाल येतात, चूक नाहीच. टेक्स्ट फील्डवर टर्म (तंतोतंत जुळणी) लावली तर तेच. फक्त सॉर्ट करताना नसलेलं फील्ड दिलं तर सर्व्हर ओरडतो.

डीएसएलमध्ये उपफील्डसाठी टिंबाऐवजी दोन अंडरस्कोर लागतात, हेही नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

टीटीसी_जावा

घोडबंदरी, पायथनचं तुम्ही बसवालच, तुमचा खरा अडथळा जावाची सर्व्हिस आहे.

हाय लेव्हल रेस्ट क्लायंट ७ चा आणि सर्व्हर ८ चा असेल, तर सर्व्हरच्या उत्तरातून टाइप हे फील्ड गेलेलं असतं. वाचताना पार्सर अडतो हे कळतं तरी. लिहिताना जास्त वाईट: नोंद सर्व्हरवर पडलेली असते, २०१ आलेलं असतं, आणि क्लायंट मात्र "अनेबल टू पार्स रिस्पॉन्स बॉडी" म्हणून एक्सेप्शन फेकतो. वर रिट्राय लावलेला असेल आणि आयडी सर्व्हरकडून बनवून घेत असाल, तर एका नोंदीच्या तीन होतात. दोन गोष्टी करा. क्लायंट आधी ७.१७ वर आणून त्याच्या बिल्डरमध्ये सेट-एपीआय-कंपॅटिबिलिटी-मोड चालू करा. आणि आयडी स्वतः द्या.

पायथनलाही क्रम हाच. ७.१७ चा क्लायंट ठेवून इलॅस्टिक_क्लायंट_एपीआयव्हर्जनिंग हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, मग सर्व्हर ८ वर न्या, शेवटी क्लायंट ८ करा. उलट केलंत, म्हणजे क्लायंट ८ आणि सर्व्हर ७, तर हेडरमधल्या आवृत्तीवरूनच सर्व्हर नकार देतो. ९ चा क्लायंट ८ च्या सर्व्हरवर लावला तरी हेच होतं. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आवृत्ती बांधली नसेल तर नव्या बिल्डमध्ये हे आपोआप घडतं, आणि लोक दिवसभर फायरवॉल तपासत बसतात.

पुढे नव्या जावा एपीआय क्लायंटवर जाताना सगळं एकदम बदलायची गरज नाही. खाली तोच लो-लेव्हल रेस्टक्लायंट असतो. एकाच रेस्टक्लायंट वस्तूवरून जुना हाय-लेव्हल आणि नवा, दोन्ही उभे करता येतात, म्हणजे एकेक एंडपॉइंट हलवता येतो. जुन्याची खरी अडचण अशी होती की तो इलॅस्टिकसर्चच्या सर्व्हरचाच मुख्य जार ओढून आणायचा, सोबत ल्युसीन ही शोधाची लायब्ररी. नवा एपीआयच्या वर्णनावरून जनरेट होतो, सर्व्हरचा जार लागत नाही. त्याची खोड वेगळी आहे: उत्तरात अपेक्षित फील्ड आलं नाही तर मिसिंग-रिक्वायर्ड-प्रॉपर्टी म्हणून थेट एक्सेप्शन. मधल्या प्रॉक्सीने काही परस्पर उत्तर दिलं की हे हमखास दिसतं.

लांब क्वेरी लॅम्डांच्या माळेत लिहायच्या नसतील तर विथ-जेसन मेथड आहे, तयार जेसन आत ओतता येतं.

पारसिक

कोणी इंडेक्सिंगबद्दल बोलतच नाहीये. सर्चच्या क्वेरीत कुठलीही बाजू घ्या, भरणा करताना मात्र तिसरीच गोष्ट वापरा: क्लायंटमधले बल्क हेल्पर.

डॉक्युमेंट क्लासची सेव्ह मेथड लूपमध्ये घातली तर तीन लाख एचटीटीपी कॉल. होतं, पण कशाला. दुसऱ्या टोकाला, लो-लेव्हल बल्क मेथड हाताने वापरली तर एनडीजेसन (ओळीला एक जेसन) स्वतः जुळवावं लागतं आणि ४२९ स्वतः हाताळावा लागतो. शिवाय बल्कचं उत्तर काही नोंदी पडल्या तरी एचटीटीपी २०० च असतं. आतला एरर्स हा झेंडा ट्रू आहे का ते बघावं लागतं. "२०० आलं म्हणजे भरलं" असं समजून चालणारे पुष्कळ.

हेल्परचे डिफॉल्ट माहीत असू द्या. चंक ५०० नोंदींचा, बाइट्सची मर्यादा १०० एमबी (सर्व्हरचीही एका रिक्वेस्टला तितकीच). दीड केबीच्या नोंदीला ५०० म्हणजे जेमतेम ७५० केबी. २००० ते ३००० केलंत तर तीन-साडेचार एमबी, तिथून मोजत जा. मॅक्स-रिट्राइजचा डिफॉल्ट ० आहे! म्हणजे सर्व्हरने रांग भरली म्हणून ४२९ दिला तर हेल्पर एकदाही पुन्हा प्रयत्न करत नाही. ३ ते ५ द्या, पहिला थांबा २ सेकंदांचा असतो आणि पुढे दुप्पट होत जातो. रेझ-ऑन-एरर ट्रू असतं, त्यामुळे एका चंकमध्ये एक नोंद पडली की एक्सेप्शन येतं, त्या चंकमधल्या बाकीच्या नोंदी भरलेल्या असतात आणि पुढचे चंक गेलेलेच नसतात. अर्धवट इंडेक्स. फॉल्स करा, पडलेल्या नोंदींची यादी फाइलमध्ये लिहा, भरणा संपल्यावर बघा. बहुतेक वेळा रेटिंगच्या जागी "नाही" असा मजकूर किंवा तारखेचा उलटा क्रम निघतो.

पॅरलल-बल्क जनरेटर आहे. नुसतं बोलावून सोडलं तर एकही नोंद जात नाही, एररही येत नाही. त्याच्यावर लूप चालवावाच लागतो.

पूर्ण भरण्याच्या आधी रिफ्रेश-इंटरव्हल (नव्या नोंदी शोधात दिसू लागण्याचं अंतर) उणे १, म्हणजे बंद, आणि रेप्लिका (जास्तीच्या प्रती) ०, संपल्यावर दोन्ही परत. परत करायचं कोड फायनली ब्लॉकमध्ये घाला.

डॉक्युमेंट वस्तूवरून बल्क करणार असाल तर टू_डिक्टला इन्क्लूड-मेटा ट्रू द्या, नाहीतर इंडेक्सचं नाव आणि आयडी येत नाही. आणि ते रिकाम्या याद्या, नन वगैरे डिफॉल्टने गाळतं. रिकामं फील्डही जायला हवं असेल तर स्किप-एम्प्टी फॉल्स.

घोडबंदरी

@पारसिक, कनेक्शनचंही सांगा. फास्टएपीआयमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला क्लायंट बनवतोय सध्या.

पारसिक

ते आजच बंद करा. पूल क्लायंटच्या पोटात असतो, दर वेळी नवा क्लायंट म्हणजे दर वेळी नवं टीएलएस हँडशेक. प्रोसेसला एक क्लायंट, लाइफस्पॅनमध्ये उघडा, तिथेच बंद करा. गनिकॉर्न प्रीलोड करत असाल तर फोर्क झाल्यानंतर उघडा.

एंडपॉइंट एसिंक असेल तर एसिंक क्लायंटच हवा. साधा क्लायंट तिथे वापरला तर एक संथ क्वेरी सगळा इव्हेंट लूप अडवून ठेवते. डीएसएलमध्येही नव्या आवृत्त्यांत एसिंक क्लास आहेत, जुन्यात नव्हते. जुनी आवृत्ती धरून बसलेल्यांना हे एकच कारण डिक्शनरीकडे न्यायला पुरेसं होतं.

टाइमआउट डिफॉल्ट १० सेकंद. टाइमआउट झाल्यावर रिट्राय डिफॉल्टने होत नाही, तसंच राहू द्या. सर्व्हर दमलेला असताना तीच जड क्वेरी तीनदा पाठवण्यात अर्थ नाही. सर्चसाठी ऑप्शन्स मेथडने २-३ सेकंद करा.

७ वरून ८ ला जाताना पायथनमध्ये आणखी नावं बदललीत: एचटीटीपी-ऑथचं बेसिक-ऑथ, टाइमआउटचं रिक्वेस्ट-टाइमआउट. होस्ट देताना स्कीम आणि पोर्ट दोन्ही लिहावे लागतात. इग्नोर=४०४ हे आता ऑप्शन्समध्ये इग्नोर-स्टेटस. उत्तर डिक्शनरीसारखं वागतं पण डिक्शनरी नसतं, थेट जेसन.डम्प्समध्ये दिलं तर टाइप एरर. त्याची बॉडी काढून द्या.

येऊर

मॅपिंग (कुठल्या फील्डचा प्रकार काय याचं वर्णन) कुठे ठेवायचं हा प्रश्न क्लायंटच्या निवडीपेक्षा मोठा आहे आणि त्याच्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

डॉक्युमेंट क्लासमध्ये मॅपिंग लिहिणं सुटसुटीत वाटतं. पण इथे जावाही तोच इंडेक्स वापरते. मग मॅपिंगचा मालक पायथनचा क्लास झाला, जावावाल्यांना तो वाचून अंदाज बांधायचा. मॅपिंग आणि अ‍ॅनालायझर (मजकूर शब्दांत तोडून एकसारखा करणारा) एका जेसन फाइलमध्ये, रेपोमध्ये, आवृत्तीसह ठेवा. इंडेक्सचं नाव सूची_व्ही१, बाहेर दिसणारं नाव सूची हे एलियस (टोपणनाव). बदल झाला की व्ही२ बनवा, रीइंडेक्स करा, एलियस एका कॉलमध्ये हलवा.

डॉक्युमेंटच्या इनिट मेथडमध्ये एक सापळा आहे. क्लासमध्ये एलियसचं नाव लिहिलेलं असेल आणि ताज्या क्लस्टरवर कोणी इनिट चालवलं, तर "सूची" नावाचा खराखुरा इंडेक्स बनतो. नंतर त्या नावाचं एलियस बनत नाही. शिवाय अ‍ॅनालायझर बदलून उघड्या इंडेक्सवर इनिट चालवलं की आधी इंडेक्स बंद करा म्हणून एक्सेप्शन येतं.

मराठीबद्दल: इलॅस्टिकसर्चमध्ये मराठी अ‍ॅनालायझर नाही, हिंदी आहे. तो जसाच्या तसा उचलू नका, सुटा करून घ्या. स्टँडर्ड टोकनायझर, लोअरकेस, डेसिमल-डिजिट, इंडिक-नॉर्मलायझेशन, हिंदी-नॉर्मलायझेशन एवढंच ठेवा. हिंदीचे स्टॉपवर्ड (गाळायचे किरकोळ शब्द) आणि स्टेमर (शब्दाचं शेपूट छाटणारा) काढा. तो स्टेमर शेवटचा स्वर छाटतो, म्हणजे माळी आणि माळा दोन्ही "माळ" होतात. सोसायटीच्या सूचीत बाग सांभाळणारा आणि पोटमाळा दुरुस्त करणारा एकाच निकालात नको असतील ना?

नॉर्मलायझेशन मात्र फार कामाचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ एक करतं, ऐ चं ए करतं. ऐरोली-एरोली, कोपरखैरणे-कोपरखेरणे, तुर्भे-तूर्भे आपोआप जुळतात. "दुरुस्ती करणाऱ्या" मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: कोणी नुक्त्याचा ऱ वापरतं, कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे. दिसायला सारखंच, बाइट्स वेगळे. हा फिल्टर नुक्ता, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे तिन्ही काढतो, त्यामुळे दोन्ही रूपं एक होतात. डेसिमल-डिजिटमुळे ४००७०८ देवनागरीत लिहिलं काय आणि इंग्रजी अंकांत लिहिलं काय, सारखंच.

जे जुळत नाही तेही लिहून ठेवा: घणसोली-घनसोली, कळवा-कलवा, मुंब्रा-मुम्ब्रा (अनुस्वारात रूपांतर फक्त न् चं होतं, म् चं नाही), कोपर खैरणे असं तोडून लिहिलेलं, आणि ठाणे-ठाण्यात. यांना समानार्थींची यादी, शोधताना लागणारी. परिसर मोजकेच आहेत, यादी हाताने होते.

घोडबंदरी

@येऊर, परिसरावर फॅसेट हवेत, "ऐरोली (४१२)" असे. कीवर्ड फील्डला हेच फिल्टर नॉर्मलायझर म्हणून लावले तर?

येऊर

लावता येतात, दोन्ही नॉर्मलायझेशन आणि डेसिमल-डिजिट नॉर्मलायझरमध्ये चालतात. पण एग्रीगेशन नॉर्मलाइझ झालेलीच किंमत परत देतं, पडद्यावर "एरोलि" दिसेल. फॅसेटसाठी साधा कीवर्ड ठेवा आणि भरतानाच पिनकोडवरून परिसराचं एक ठरलेलं नाव लिहा. टर्म्स एग्रीगेशनचाही डिफॉल्ट साइझ १० च असतो. ठाण्यापासून बेलापूरपर्यंतचे परिसर दहात मावत नाहीत, साइझ वाढवा.

टीटीसी_जावा

एकच क्वेरी दोन भाषांत लिहिण्याचा त्रास वाचवायचा असेल तर सर्च टेम्प्लेट बघा. क्वेरी मुस्टॅश टेम्प्लेट (रिकाम्या जागा भरायचा साचा) म्हणून क्लस्टरमध्येच साठवायची, पायथन आणि जावा दोघांनी फक्त आयडी आणि पॅरामीटर पाठवायचे. मग क्लायंट लो-लेव्हल की हाय-लेव्हल याने काही फरक पडत नाही.

खाडीपलीकडे

चार-पाच ठरलेल्या क्वेरींना ठीक. ऐच्छिक फिल्टर आठ झाले की मुस्टॅशमध्ये स्वल्पविरामांची कसरत सुरू होते. एक फिल्टर नसला की शेवटी लोंबकळणारा स्वल्पविराम राहतो आणि जेसन मोडतं. रेंडर-टेम्प्लेट एपीआयने आधी बघता येतं, तरी मला नको. फिल्टरची यादी बाहेर बांधून टू-जेसनने आत टाकणं त्यातल्या त्यात बरं.

मासुंदा

यावर एकमत. 🙂

घोडबंदरी, अजून एक विचारायचं राहिलं: सर्व्हर स्वतःचा आहे की अ‍ॅमेझॉनचा?

घोडबंदरी

सध्या स्वतःचा. वर्षभरात अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये ओपनसर्चवर जायची चर्चा आहे.

मासुंदा

मग हे आत्ताच हिशोबात घ्या. ओपनसर्च २०२१ मध्ये इलॅस्टिकसर्च ७.१० च्या कोडवरून फुटून निघालं. इलॅस्टिकचा पायथन क्लायंट ७.१४ पासून समोर खरंच इलॅस्टिकसर्च आहे का ते तपासतो, नसेल तर अनसपोर्टेड-प्रॉडक्ट एरर. वळसा घालायचा प्रयत्न करू नका, ओपनसर्चचा स्वतःचा क्लायंट वापरा. त्यातही डीएसएल आता आतच आहे, क्लासची नावं बरीचशी तीच. अ‍ॅमेझॉनसाठी सही करणारा ऑथ क्लास लागतो, सर्व्हिसचं नाव "ईएस", सर्व्हरलेस असेल तर "एओएसएस". पॅरामीटरची नावं मात्र ७ च्या वळणाची आहेत. इलॅस्टिक ८ मध्ये बदललेली बेसिक-ऑथ, ऑप्शन्स वगैरे तिथे चालणार नाहीत.

इथे मी खाडीपलीकडेंच्या बाजूने थोडी सरकते. ही शक्यता खरी असेल तर क्लायंटला थेट हात लावणारी एकच फाइल ठेवा. क्वेरी बांधणारं कोड डीएसएलने लिहिलं तरी शेवटी टू_डिक्ट काढून डिक्शनरी त्या फाइलला द्या, एक्झिक्यूट बाहेर कुठेही नको. जुळवाजुळवीचा फायदा मिळतो आणि कनेक्शन, एरर, टाइमआउट एका जागी राहतात. निकालाची टिंबवाली वस्तू मिळत नाही, डिक्शनरीतून काढावं लागतं. चालतंय.

डॉक्युमेंट क्लास या प्रकल्पात वापरूच नका, येऊर यांनी सांगितलेल्या कारणासाठी.

खाडीपलीकडे

असं केलं तर माझी हरकत नाही. टेस्टसुद्धा सोप्या होतात: टू_डिक्टचं जेसन फाइलमध्ये ठेवून तुलना. लायब्ररीची आवृत्ती वाढवल्यावर बांधणी बदलली तर लगेच दिसेल. पण एवढ्यावर थांबू नका. जेसन सारखं आलं म्हणजे निकाल बरोबर असं होत नाही. खरा सर्व्हर कंटेनरमध्ये उभा करा, पंधरा-वीस नोंदी टाका, त्यात तुमचा ऐरोलीचा रंगारी असू द्या, आणि "पंप + ऐरोली" मध्ये तो येत नाही हे तपासा. एकूण संख्याही तपासा. मोठ्या इंडेक्सवर मात्र लक्षात ठेवा की एकूण आकडा डिफॉल्टने १०,००० पर्यंतच अचूक असतो. त्यापुढे रिलेशनमध्ये जीटीई येतं, म्हणजे "निदान इतके". पानावर "१०,००० सेवा सापडल्या" असं छापण्याआधी ते बघा.

सेक्टर_अकरा

टेस्टमध्ये नोंद टाकल्या टाकल्या शोधली तर कधी सापडते, कधी नाही. स्लीप १ टाकलाय.

पारसिक

रिफ्रेश-इंटरव्हल १ सेकंद असतो, म्हणून स्लीप १ कधी पुरतो, कधी नाही. स्लीप काढा. टेस्टमध्ये सगळ्या नोंदी भरून झाल्यावर इंडेक्सवर एकदा रिफ्रेश एपीआय बोलवा. चालू कोडमध्ये, वापरकर्त्याने नोंद बदलली आणि पुढच्याच पानावर ती दिसायला हवी असेल, तर त्या एका कॉलला रिफ्रेश=वेट-फॉर द्या. ट्रू नको, दर लिखाणाला ट्रू दिलं की बारीक बारीक सेगमेंट साचतात. आणि बल्कने भरताना रिफ्रेश-इंटरव्हल उणे १ केलेला असेल तेव्हा वेट-फॉर वापरू नका. रिफ्रेश होतच नाही, कॉल टाइमआउटपर्यंत लटकतो.